जोन्स उद्या

माणसाचं नाव ही त्याची एकमेव मालमत्ता अशी, की जी समुद्र ओलांडताना भिजत नाही, जिला उंदीर लागत नाहीत आणि जी जमीनदाराला जप्त करता येत नाही. म्हणून नव्या देशात प्रत्येक वेल्श माणसाला त्याच्या बाप्तिस्म्याच्या पूर्ण नावानेच हाक मारली जाईल. धंद्यावरून, व्यंगावरून किंवा खोडीवरून पडलेलं कोणतंही टोपणनाव तोंडी वा लेखी वापरलं जाणार नाही. हा आमच्या वसाहतीचा ठराव क्रमांक सात. पॅटागोनियाचा किनारा दिसला त्या संध्याकाळी, जहाजाच्या डेकवर उभं राहून, आम्ही तो एकमताने संमत केला. बऱ्याच जणांचे डोळे भरून आले होते. वारा समोरून होता, हेही एक कारण.

ठराव चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी किनाऱ्यावर सामान उतरवताना वरून कुणीतरी ओरडलं, "जोन्स, पिंप धर!" आमच्यात अकरा जोन्स होते. उरलेले दहा धरतील असं अकराही जणांनी मानलं. पिंप खारवलेल्या मांसाचं होतं. ते सगळ्यांच्या मधून, कुणालाही धक्का न लावता, सरळ समुद्रात गेलं. संध्याकाळपर्यंत जोन्स पाव, जोन्स खिळा, जोन्स डावरा वगैरे मंडळी आपापल्या जुन्या नावांवर परतली होती आणि ठराव क्रमांक सात माझ्या वहीत शांतपणे पडून होता.

मी डेव्हिस. शाळेचा मास्तर आणि पंचमंडळाचा चिटणीस. म्हणून डेव्हिस शाई. यात मला कधी अपमान वाटला नाही. पण मला नाव शाईवरून पडलं होतं.

इथेल जोन्सचं तसं नव्हतं. मुळात इथेल जोन्स आमच्यात तीन होते. कार्डिगनकडच्या एका खोऱ्यात इथेल नावाचे एक प्रवचनकार एकदा साडेचार तास सलग बोलले होते, आणि त्यानंतर वर्षभरात तिथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव इथेल ठेवलं गेलं. त्यातले तिघे आमच्या जहाजावर चढले. एकाचं चॅपेलमधलं 'आमेन' नदीपलीकडे ऐकू जाई. तो जोन्स आमेन. दुसऱ्याचे कान दगडाच्या खाणीतल्या सुरुंगांनी गेले होते. तो जोन्स काय. तिसरा जोन्स उद्या.

हा तिसरा इथेल मायदेशी मर्थिर गावात एका कापडदुकानात अकरा वर्षं गल्ल्यापलीकडे उभा होता. दुकानात नसलेल्या कापडाची चौकशी झाली की "उद्या येईल, बाई," असं गोड आवाजात सांगणं हा त्याच्या नोकरीचा मोठा भाग. मग चॅपेलच्या मागच्या खोलीत एका गृहस्थाने नकाशा लावून व्याख्यान दिलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला एक नदी, नदीकाठी कमरेएवढं गवत, इंग्रज जमीनदार नाही, आणि दर कुटुंबाला शंभर एकर. इथेलने दुसऱ्या दिवशी दुकानाची कात्री खाली ठेवली. बायको लोवरी आणि दीड वर्षाची मुलगी नेस्ट यांना घेऊन तो आला.

गवत होतं. फक्त गवताच्या एका झुबक्यापासून दुसरा झुबका दिसत नव्हता, इतकंच.

पहिल्या वर्षी गहू बोटभर वर आला आणि थांबला. रोज संध्याकाळी सगळे आपापल्या शेताच्या टोकाला उभे राहून पश्चिमेकडे बघत आणि सगळेच म्हणत, "उद्या पडेल." पण इथेल ते दुकानातल्या आवाजात म्हणायचा. जणू पाऊस वरच्या फळीवर नव्हता एवढंच; गोदामातून निघालाच होता. गहू वाळला. लोकांना रागावायला पाऊस सापडेना, इथेल सापडला.

दुसऱ्या वर्षीचाही गहू वाळल्यावर त्याने ठरवलं की शेती आपलं काम नव्हे. पंचमंडळ सरकारी पिठाचा शिधा आठवड्याला देत होतं. त्यात तीन तोंडं चार दिवस चालत. उरलेले तीन दिवस ससा मिळाला तर ससा, नाही तर समुद्रपक्षी. समुद्रपक्ष्याला दिव्याच्या तेलाचा वास येतो, आणि खाल्ल्यावर माणसालाही. इथेलने काम शोधायला सुरुवात केली.

सुताराकडे गेला. सुतार म्हणाला, "लाकूड कुठंय? हल्ली लोक शवपेटीच्या फळ्यांशिवायच जातायत वर." गिरणीवर गेला. गिरणीवाला दाते घासून चकचकीत करत बसला होता. दळायला काही नसल्यामुळे गिरणी अतिशय उत्तम स्थितीत होती. मग लोहाराकडे गेला. लोहार गेथिन मनाने वाईट नव्हता.

"भाता ओढशील?"

"ओढेन की."

"खांदे तुझे फीत मोजणाऱ्याचे आहेत रे. बरं, असू दे. कधीपासून येतोस?"

"उद्या..." इथेलने उरलेला शब्द गिळला, पण गिळायला फारसं काही उरलं नव्हतं.

गेथिन हसता हसता ऐरणीवर बसला. दारात नालासाठी थांबलेले दोघे आत आले. "अरे गेथिन, नशीब काढलंस! तुला उद्या मिळाला. पण मग आज कोण ओढणार?" ही कोटी दुपारपर्यंत सतरा घरांत पोचली, मी मोजली, कारण त्यातल्या सोळा घरांनी ती मला येऊन सांगितली. दुसऱ्या दिवशी उजाडायला इथेल पोचला तेव्हा भात्यावर रीस नावाचा पोरगेला इसम होता. रीसने "आत्तापासून" असं म्हटलं होतं.

त्या दिवसापासून इथेलने तो शब्द टाकला. बोलता बोलता वेळ आलीच तर तो "परवाच्या आदल्या दिवशी" म्हणे. लोक त्यालाही हसत. मेंढ्या राखायला नेमतील का, असं विचारायला गेला तर मेंढ्यांचा कारभारी म्हणाला, "मेंढ्या कालच पळाल्या बाबा, वारा लागला की जातात. परत येतील. कधी येतील ते तूच सांग."

तिथल्या मूळच्या तेवेल्चे लोकांपैकी एक म्हातारी होती. ती शिकारीचं मांस घेऊन दारोदार यायची आणि बदल्यात पाव मागायची. तिला वेल्श भाषेतले दोन शब्द येत. एक 'पाव'. दुसरा तिला इथेलने शिकवला होता, कारण तिने पाव मागितला की त्याच्या तोंडून, आधीच्या सवयीने, तोच शब्द निघे. ते त्याचं नावच आहे अशी तिची समजूत झाली होती. लांबून हात वर करून ती खणखणीत आवाजात ओरडे, "उद्या!" तिच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि नेमकं तेच इथेलला सोसत नसे. एकदा पाव नाही हे बघून ती ग्वानाकोची तंगडी तशीच उंबऱ्यावर ठेवून गेली. ग्वानाको म्हणजे मानेने उंट आणि बाकी अंगाने हरीण. लोवरीने ती तंगडी नऊ दिवस पुरवली.

शरद ऋतूत बातमी आली. खाडीवर, आमच्या वस्तीपासून दोन दिवसांच्या चालीवर, राजधानीतलं कुठलंसं खातं एक कोठार बांधणार होतं आणि त्याला राखणदार हवा होता. लिहिता-वाचता येणारा, मोजमाप जाणणारा, वस्तीतला. अशा जागेला दुप्पट शिधा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथेल त्याच दुपारी शाळेत आला. मुलं पाढे म्हणत होती. तो दाराशी टोपी हातात धरून थांबला.

"डेव्हिस, ठराव सात अजून जिवंत आहे ना?"

"कागदावर."

"मग त्याला उठव."

"आत्ता? अडीच वर्षांनी?"

"अर्ज जाईल तो पंचांच्या शिफारशीने. पंच बसले आणि कुणी म्हणालं, 'जोन्स उद्याचा अर्ज', की संपलं. सगळे हसतील, हसून झालं की कागद बाजूला ठेवतील आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. मी अकरा वर्षं गजाने कापड मोजलंय रे. एक सूत इकडे-तिकडे नाही. या गावात ही जागा माझ्याइतकी शोभेल असा माणूस नाही. फक्त त्यांना हसू नको येऊ दे. एवढंच कर."

घरी लोवरीने त्याला वेगळं सुनावलं होतं, ते मला मागाहून कळलं. ती म्हणाली होती, "नाव पुसून पोट भरतं का रे? मग माझं नाव लोणी ठेव आणि पावाला लाव."

पण ठराव उठला. आमच्या पंचमंडळाला नवा ठराव करण्यापेक्षा जुना कडक करणं जास्त आवडे. त्यात विचार कमी लागतो. इतिवृत्तात मी लिहिलं: श्री. जोन्स यांनी मांडलं, श्री. जोन्स यांनी अनुमोदन दिलं, श्री. जोन्स यांनी हरकत घेतली, ती श्री. जोन्स यांनी समजूत घातल्यावर श्री. जोन्स यांनी मागे घेतली. दंडाची सूचना जोन्स आमेनची. त्याला स्वतःचं टोपणनाव आवडायचं; पण शिक्षा त्याहून आवडायची. "टोपणनाव उच्चारेल वा लिहील त्याच्या घरचा एक आठवड्याचा शिधा बंद," असं तो म्हणाला आणि शेवटी स्वतःच आमेन म्हणाला. अध्यक्ष कडवालाडर प्यू यांनी हातोडा आपटला. हातोडा म्हणजे बुटाची टाच.

त्या दिवसापासून गावात शांतता पसरली. कुणाबद्दल काही बोलायचं तर लोक हातवारे करत, कारण ठरावात 'तोंडी वा लेखी' एवढंच होतं. हात जोडले की आमेन. कानामागे तळवा धरला की काय. इथेलचा विषय निघाला की लोक नुसते आभाळाकडे बघत. माझ्या मते हे पूर्वीपेक्षा वाईट होतं. पण इथेल म्हणाला, "बघू देत. आभाळ सगळ्यांचंच आहे."

अर्ज मी लिहिला. पूर्वी मी 'इथेल जोन्स उद्या' लिहून मोकळा झालो असतो. आता ओळख पटायला काय लिहावं? जन्मसाल तिघांचं एकच. बापाचं नाव तिघांचंही जॉन. तेव्हा मी शेताचं नाव लिहिलं: इथेल जोन्स, हिरवं रान. ते नाव इथेलनेच जहाजावर असताना, रान बघायच्या आधी, ठेवलं होतं. पंचांनी शिफारस केली. कुणी हसलं नाही. दोघे आभाळाकडे बघत होते, पण छप्पर गळतं का हे बघत होतो असं ते म्हणाले. छप्पर गळायचा आमच्याकडे प्रश्नच नव्हता.

कागद स्कूनरने, म्हणजे शिडाच्या जहाजाने, गेला. मग हिवाळा आला.

हिवाळ्यात नेस्टला ताप भरला. आता ती चार वर्षांची होती आणि दोन वर्षांची दिसत होती. सात दिवस ती पाणी आणि जळक्या पावाच्या पापुद्र्याचा चहा यावर राहिली. आठव्या दिवशी ताप उतरला आणि तिने भाकरी मागितली. घरात दीड पोतं गहू होता, बियाण्याचा. तो पंचांनी दिलेला. तो खाल्ला तर जमीन परत, असा नियम. आणि हा नियम कागदावर पडून राहणारा नव्हता, कारण सगळ्यांचंच पोट त्याच्यावर होतं.

लोवरीने कॉफीची चक्की काढली. इथेल मध्ये उभा राहिला.

"लोवरी, हे पेरायचंय."

"दोन वर्षं जमिनीला खाऊ घातलं. आता पोरीला घालते. सरक."

"शेत जाईल."

"शेताला म्हणावं जा. इथून कुठे जायचं ते ठाऊक असलं तर आम्हालाही सांगून जा म्हणावं."

कॉफीच्या चक्कीचा आवाज आमच्या गावात सहसा लपत नाही, कारण कॉफी कुणाकडेच नव्हती. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष प्यू स्वतः आले. दारात उभे राहून त्यांनी आधी नेस्टची चौकशी केली, मग हवापाण्याची, आणि मग नियम वाचून दाखवला. माणूस दुष्ट नव्हता. वाचताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. हिरवं रान शेजारच्या शेतकऱ्याकडे गेलं. शेजारचा शेतकरी म्हणजे जोन्स आमेन. म्हणजे तेव्हाच्या भाषेत, इथेल जोन्स. त्याच्या घरात सहा मुलं होती आणि त्याचंही पीठ चारच दिवस पुरायचं, हेही इथे सांगायला हवं. इथेल, लोवरी आणि नेस्ट नदीच्या काठात खोदलेल्या एका भुयारात राहायला गेले. पहिल्या वर्षी आम्ही सगळेच तिथे राहिलो होतो. बिनजमिनीच्या माणसाला शिधा अर्धा.

इथेल रोज टेकडीवर चढून समुद्राच्या दिशेला बघत बसे. तिथून समुद्र दिसत नाही.

मी एकदा त्याच्यासाठी सशाची तंगडी घेऊन गेलो. तो म्हणाला, "डेव्हिस, ते पत्र नाही आलं तर मी काय आहे, सांग. दुकानदार नाही. शेतकरी नाही. लोहाराचा भाता ओढणाराही नाही. कुणी विचारलं, तू कोण, तर मी काय सांगू?"

मी म्हणालो, "येईल पत्र."

"कधी?" त्याने विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नको, सांगू नकोस."

वसंतात पत्र आलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर अध्यक्ष प्यू यांनी ते चॅपेलमध्ये बाहेर काढलं. स्पॅनिश फक्त त्यांना येतं अशी आमच्यात समजूत होती, आणि ती मोडायची कधी वेळ आली नव्हती. त्यांनी आणि मी आदल्या दिवशी ते पत्र तीन तास वाचलं होतं. शिक्का मोठा होता. "इथेल जोन्स, हिरवं रान," अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, "यांची खाडीवरील कोठाराचे राखणदार म्हणून सन्मानाने नेमणूक करण्यात येत आहे. स्कूनरच्या अधिकाऱ्यास पंचमंडळाचा दाखला दाखवून किल्ली घ्यावी."

तीन माणसं उभी राहिली. तिसरा, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो, सगळे वळून आपल्याकडे बघतायत म्हणून उभा राहिला होता.

भुयारातला इथेल पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर दुकानातलं हसू होतं. तेवढ्यात सहा मुलांचा इथेल घसा खाकरून बोलला.

"अध्यक्ष महाराज, पत्र माझं दिसतंय. हिरव्या रानात मी राहतो."

"अर्ज तू केला नव्हतास!" मागून लोवरी ओरडली.

"केला होता, लोवरीबाई. वरच्या कचेरीत केला होता, रोज गुडघ्यावर बसून. कुठल्या मार्गाने मंजूर करायचा ते त्याचं तो ठरवतो." काही जणांनी मान डोलावली. आमच्या चॅपेलमध्ये या मुद्द्याला उत्तर देणं अवघड होतं.

मी उठलो. "अर्ज मी लिहिलाय. तो या माणसासाठी होता." आणि मी बोट दाखवलं.

अध्यक्ष प्यू म्हणाले, "चिटणीस, बोट इतिवृत्तात लिहिता येत नाही. दाखल्यावर काय लिहू? नाव सांगा."

"इथेल जोन्स."

"तिघे उभे आहेत. कुठला?"

"हिरव्या रानाचा."

"तो हा," अध्यक्षांनी सहा मुलांच्या इथेलकडे हात केला.

"तेव्हाचा हिरव्या रानाचा."

"'तेव्हाचा' हे गावाचं नाव नव्हे, मास्तर. आता हा कुठला? याचं शेत कोणतं? धंदा कोणता? काहीतरी सांगा, म्हणजे लिहितो. माझा कुणावर राग नाही."

चॅपेलमध्ये एकशे दहा माणसं होती आणि प्रत्येकाला तो एक शब्द येत होता. तो उच्चारला की दाखला पुरा झाला असता. एक आठवड्याचं पीठ. मी माझ्या घरच्या डब्याचा विचार केला. डब्यात पाच पौंड होतं, आणि आम्ही घरात चौघं. गेथिन लोहार आपल्या बुटांकडे बघत होता. सुतार छपराकडे. मी वही चाळू लागलो, जणू तिच्यात काही सापडणार होतं.

लोवरी नेस्टला बाजूला ठेवून उठायला लागली. इथेलने तिला हाताने खाली बसवलं.

"मी जोन्स उद्या," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. त्याला वाटलं असावं की ऐकू गेलं नाही. तो वळला आणि सगळ्यांकडे बघून बोलला. "ज्याच्या गव्हावर पाऊस पडणार होता तो. तुम्ही सगळ्यांनीच म्हटलं होतं, पण ते माझ्या नावावर चढवलंत, असू दे. गेथिनच्या भात्यावर येणार होतो तो मीच. म्हातारी पाव मागते आणि मी तिला हेच सांगतो, तोही मीच. माझ्याकडे शेत नाही, धंदा नाही, दुसरं काही नाही. हे एक नाव आहे, ते तुम्हीच दिलंय, आणि या गावात ते दुसऱ्या कुणाचं नाही. मग लिहा ना तेच! माझी पोर चार महिने भुयारात आहे हो. लिहा!"

"काय म्हणाला?" ऐकू न येणाऱ्या इथेलने शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने मान फिरवली. त्याने दुसऱ्या शेजाऱ्याला विचारलं. सगळ्या बाकावर कुणी ओठ हलवेना. "अरे, काय म्हणाला तो? मलाही मत द्यायचंय!"

"उद्या!" इथेल त्याच्या कानात ओरडला. "उद्या, दादा, उद्या!"

अध्यक्ष प्यू यांनी चष्मा काढला. "बंधू, ठराव तुमच्याच मागणीवरून कडक झालाय. आधी एकदा, आणि आता..." ते बोटांवर मोजू लागले. "आता हे तीनदा."

"एका माणसाला एकदाच सांगितलंय ते," लोवरी म्हणाली. "तो बहिरा आहे यात आमचा काय गुन्हा?"

यावर चर्चा झाली. बहिऱ्याच्या कानात तीनदा म्हटलेला शब्द एकदाच धरावा, अशी दुरुस्ती गेथिनने सुचवली. तेवढं धाडस त्याला झालं. एकूण दोन आठवडे. मग दाखल्यावर मतदान झालं. आमच्याकडे बायकाही मत देतात, आणि त्या दिवशी बहुतेक बायकांनी लोवरीकडे बघून दिलं. बासष्ट विरुद्ध एकतीस. जोन्स आमेनने विरोधात मत दिलं आणि निकाल लागल्यावर, सवयीने, आमेन म्हटलं. मी दाखल्यावर लिहिलं, 'इथेल जोन्स, जोन्स उद्या म्हणून ओळखला जाणारा'. लेखी वापराबद्दल माझाही शिधा बंद होतो का, असं कुणीतरी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, सरकारी काम होतं. मला हायसं वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी शाई वाळवत बसलो.

दोन आठवडे शिध्याशिवाय काढणं त्या तिघांना वस्तीत शक्यच नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. पंचांच्या वतीने सही करायला मी बरोबर होतो. दोन दिवसांची वाट, मध्ये पाणी नाही, सगळीकडे काटेरी झुडपं आणि वारा. नेस्टला आम्ही आळीपाळीने पाठीवर घेतलं. तिचं वजन जाणवत नव्हतं.

इथेल मात्र बोलत होता. इतका बोलताना मी त्याला तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. कोठारात फळ्या कशा लावायच्या, पिठाची पोती जमिनीपासून वीतभर वर कशी ठेवायची. दुप्पट शिध्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि म्हातारीला पाव द्यायचा. "परवाच्या आदल्या दिवशी पोचू," तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "उद्या पोचू. उद्या पोचू, लोवरी!"

"आधी चाल," लोवरी म्हणाली. पण तिने त्याचा दंड धरला होता.

पोचलो. कोठार खरोखरच होतं. लाकडाचं, नवं, कुलूप लावलेलं. स्कूनरचा अधिकारी तरुण होता आणि त्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्याने दाखला बघितला, पत्र बघितलं, इथेलशी हात मिळवला आणि किल्ली दिली. मी सही केली. इथेलने किल्ली दोन्ही हातांत घेतली आणि विचारलं, पहिला शिधा कुणाकडून घ्यायचा.

"कसला शिधा?" अधिकारी म्हणाला.

इथेलने माझ्याकडे बघितलं. मी पत्रावर बोट ठेवलं. त्या पत्रात दोन शब्द लॅटिन होते, आणि अध्यक्षांना व मला तेवढेच दोन नीट वाचता आले म्हणून आम्हाला ते वाचताना फार आनंद झाला होता. 'अॅड ऑनोरेम'. त्याचा आम्ही 'सन्मानाने' असा अर्थ लावला होता. अधिकाऱ्याने तो अर्थ सौम्य शब्दांत दुरुस्त केला. तो सभ्य माणूस होता. त्याने स्वतःच्या खिशातून नेस्टला एक बिस्किट दिलं.

इथेलने कुलूप उघडलं. आत दोराची तीन वेटोळी होती, एक मोडका नांगर आणि चुन्याची सहा पोती.

पद मानद होतं.